पाल्य समोर आहे, सिस्टीममध्ये नाही

मार्चचा शेवटचा आठवडा होता. सरकारी कचेरीत या आठवड्याला मार्चएंड म्हणतात आणि तो सणासारखा पाळतात. वर्षभर जागची न हललेली फाईल या सात दिवसांत धावायला लागते. मीही अशाच एका फायलीमागे धावत होतो, तेवढ्यात दहा चाळीसला खिशातला मोबाईल थरथरला.

‘आदरणीय पालक, आपला पाल्य आज शाळेत गैरहजर आहे.’

पोरगं घरात पोरगं असतं, गल्लीत कार्टं असतं, शाळेच्या फाटकातून आत गेलं की त्याचं पाल्य होतं. कार्टं सापडत नसेल तर माणूस दोन शिव्या घालतो आणि कामाला लागतो. पाल्य गैरहजर म्हटल्यावर मात्र पोटात खड्डा पडतो. सकाळी सात वाजता मी स्वतः त्याला रिक्षात कोंबलं होतं. आधी दप्तर, मग डबा, मग बाटली आणि उरलेल्या जागेत तो. मग हा गेला कुठे? मेहरूण तलाव आठवला. रेल्वे स्टेशन आठवलं. जळगावहून गाडीत बसलं की मुंबई, सुरत, नागपूर, दिल्ली कुठंही जाता येतं, हे मागच्याच आठवड्यात भूगोलाचा अभ्यास घेताना मी त्याला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. असले अभिमान नडतात.

घरी फोन केला. बायको रडायला लागली. मागून आईचा आवाज आला, “कोठे जाई तो? भूक लागनी का यी घर.”

अजिंठा चौफुलीवरच्या ट्रकांमधून मी स्कूटर कशी काढली हे त्या ट्रकवाल्यांनाच विचारा, त्यांनी मला ऐकवलेलं इथे छापता येणार नाही. शाळेच्या कार्यालयात पोचलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. खिडकीमागे क्लार्कभाऊ कॉम्प्युटरकडे बघत बसले होते.

“माझा मुलगा...”

“इयत्ता?”

“सातवी.”

“तुकडी?”

इथे मी अडकलो. ब असावी. क पण असू शकेल. क्लार्कभाऊंनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “पाल्याची तुकडी माहीत नाही?” त्यांनी हे इतक्या मोठ्याने विचारलं की रांगेतल्या दोन आयांनी पदर सावरले आणि माझ्यापासून एक पाऊल लांब सरकल्या.

शेवटी शिपाईमामांनी मला वर्गांच्या रांगेतून ओळखपरेडसाठी फिरवलं. तिसऱ्या खिडकीतून चिरंजीव दिसले. कंपासच्या टोकाने पुढच्या मुलाच्या पाठीवर काहीतरी कोरत होते. इतक्या वर्षांत त्याला पाहून मला एवढा आनंद झाला नव्हता. मी धावत कार्यालयात परत आलो.

“अहो, तो आहे! वर्गात बसलाय!”

क्लार्कभाऊंनी माऊस हलवला. “नाही. गैरहजर दाखवतंय.”

“पण मी आत्ता बघून आलो. चला, तुम्हालाही दाखवतो.”

“तो समोर असेल हो. सिस्टीममध्ये नाही.”

“मग सिस्टीममध्ये टाका.”

“दहाला लॉक होते.”

“आता काय करायचं?”

“अर्ज करा.”

हे दोन शब्द ऐकले आणि मला गहिवरूनच आलं. परक्या मुलखात अचानक कुणी आपली बोली बोलावी तसं झालं. कारण गेली एकोणीस वर्षं मी जळगावच्या एका सरकारी कार्यालयात आस्थापना लिपिक आहे आणि दिवसातून किमान चाळीस वेळा हेच दोन शब्द म्हणत आलो आहे. हजेरीपट माझ्याच टेबलावर असतो. सकाळी पावणेदहाची वेळ टळली की तो उचलून साहेबांच्या टेबलावर नेणं आणि सोबत लाल पेन ठेवायला न विसरणं, ही माझी ख्याती. तीन लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा कापायची. वर्षाला मिळतात आठ. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मला इतके पाठ आहेत की लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी मनातल्या मनात अर्जित रजेचा हिशेब करत होतो, असं बायको म्हणते. तेव्हा हजेरी, रजा आणि अर्ज या तीन विषयांत मला कुणी शिकवावं, अशी वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

आत मुख्याध्यापिका मॅडमनी फाईल उघडली. “बरं झालं, आलात. तुम्हाला बोलावणारच होते. तुमच्या पाल्याची हजेरी भरत नाही.”

“किती आहे?”

“१९२ दिवसांपैकी १३८. म्हणजे ७१.८८ टक्के. ७५ लागते. ३१ मार्चला भरली नाही तर निकाल राखून ठेवावा लागेल.”

मी खुर्चीत पुढे सरसावलो. कायदा हे माझं कुरण. “मॅडम, शिक्षण हक्क कायदा, २००९. आपल्याकडे वार्षिक परीक्षेत अडवायची मुभा आहे ती फक्त पाचवी आणि आठवीला. सातवीच्या मुलाला नापास करून मागे ठेवता येत नाही.”

“नापास कोण करतंय?” मॅडम गोड हसल्या. “निकाल राखून ठेवतोय.”

एकोणीस वर्षांच्या नोकरीत मीसुद्धा कुणाचा अर्ज कधी नामंजूर केलेला नाही. प्रलंबित ठेवलेला आहे. मॅडमबद्दल मला एकदम आदर वाटायला लागला.

गैरहजेरीचे ५४ दिवस! मी त्याची छापील यादी मागून घेतली आणि रात्री जेवण झाल्यावर घरात हिशेबाला बसलो. चिरंजीवांना समोर उभं केलं. आई बाजूला तांदूळ निवडत होती, बायको तटस्थ निरीक्षक होती.

१९ दिवस धुळ्याचे निघाले. आम्ही नोकरीला जळगावला असलो तरी माझं मूळ घर धुळ्याला देवपुरात आणि बायकोचं माहेर पांझरेच्या अलीकडच्या तीरावर, आग्रा रोडच्या बाजूला. म्हणजे नातेवाइकांचा एकूण साठा धुळ्यात आणि हजेरीचं रजिस्टर जळगावात. मध्ये एरंडोल, पारोळा आणि नव्वदेक किलोमीटरचा महामार्ग. या रस्त्याचं चौपदरीकरण इतकी वर्षं चाललं की माझ्या लग्नाची वरात त्यावरून गेली होती तेव्हाही डायव्हर्जन होतं आणि मुलाच्या जावळालाही. त्यामुळे धुळ्याला बारशाला जरी गेलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या रिक्षेला पोरगं उभं करणं मनुष्यमात्राला शक्य नाही.

त्यातच श्रावणातली कानबाई. खान्देशी वाचकांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिचं विसर्जन होतं. सगळी भाऊबंदकी एका छपराखाली जमते, रोटाचा नैवेद्य होतो, रात्रभर जागरण होतं. देवीने रविवारी यावं हे ठीक, पण सोमवारी जावं याला काही उपाय नाही. आमच्या वर्गशिक्षिका बाई त्याच जूनमध्ये कोकणातून बदलून आलेल्या. त्यांनी मला फोन केला.

“सोमवारी पाल्य आला नाही?”

“घरी कानबाई होत्या ना. सोमवारी सकाळी विसर्जन केलं.”

पलीकडे शांतता. मग आवाज एकदम हळवा झाला. “अरेरे. वय काय होतं हो?”

“वय कोण सांगणार? पिढ्यान्‌पिढ्या आहेत.”

“आजीच ना त्याच्या?”

“आम्ही आईच म्हणतो,” मी भक्तिभावाने म्हणालो.

रात्री ॲपवर मेसेज आला. ‘आपल्या दुःखात शाळा सहभागी आहे.’ ॲपमध्ये रजेच्या कारणासाठी एक खिडकी आहे आणि तिच्यात आजार, मृत्यू, इतर एवढे तीनच पर्याय आहेत. बाईंनी चांगुलपणाने मधला निवडून पुढे नातं म्हणून आजी असं भरलं होतं. माझी आई त्या वेळी समोर बसून कळण्याच्या भाकरीला ठेचा लावत होती. मी दुरुस्ती करणार होतो, खरंच करणार होतो. पण ती गैरहजेरी ‘सबळ कारणासह’ या रकान्यात गेली होती, आणि आलेला सबळ रकाना कोण परत करतो?

धुळ्याच्याच खात्यात दोन लग्नंही होती. मामेसाल्याच्या लग्नाला तीन दिवस लागले. दोनपेक्षा जास्त दिवस रजा असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. ते आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी दिलं. विषाणुजन्य ताप, अशक्तपणा, हलका आहार. चौथ्या दिवशी बाईंनी मायेने विचारलं, “आता बरं वाटतं का रे?” चिरंजीव म्हणाले, “हो बाई, वरण-बट्टी एकच नंबर होती. मी सहा खाल्ल्या. वांग्याची भाजी तर बादलीने वाढली.”

पुढचे १२ दिवस खऱ्या टायफॉईडचे होते. त्याचंही प्रमाणपत्र होतं, अगदी खरं. पण बट्टीप्रकरणामुळे शाळेने ते मानलं नाही.

चार दिवस पावसाने रिक्षा न आल्याचे.

मग १३ दिवस असे होते की त्यांचा पत्ताच लागेना. त्या तारखांना मुलगा शाळेत गेला होता, मी शपथेवर सांगू शकत होतो. चिरंजीव खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होते. “तेरा दिवस कुठं होतास?” मी दरडावलं.

“शाळेतच.”

“मग गैरहजर कसा?”

“लेट झालं होतं. तीनदा लेट झालं का एक दिवस कापतात.”

एकोणचाळीस लेटमार्क! माझ्या पोटच्या गोळ्याला! बायकोने माझ्याकडे जी नजर टाकली तिचा अर्थ, शेवटी जे पेरलं तेच उगवलं, असा होता. तीन लेटला एक रजा हा नियम कुणा दुष्ट माणसाने काढला असेल, असं मला त्या दिवशी प्रथमच वाटलं.

पण उशीर का, तर त्याचं मूळ थेट मंत्रालयात होतं. लहान मुलांची झोप पुरी होत नाही अशी काळजी तेव्हाच्या राज्यपालांनी डिसेंबर २०२३ मध्ये व्यक्त केली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने ठरवलं की पूर्वप्राथमिकपासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. उत्तम निर्णय. माझी मुलगी तिसरीत आहे. तिची झोप पुरी व्हायला लागली. मुलगा सातवीत, त्याची शाळा सात वीसलाच. पूर्वी दोघं एका रिक्षात जायची. आता रिक्षावाल्या काकांना दोन फेऱ्या पडतात, म्हणून काकांनी आपला स्वतंत्र जीआर काढला. पहिल्या फेरीला जी पोरं थोडी उशिरा निघाली तरी चालतील त्यांना शेवटी घ्यायचं. कुणाला चालेल हे काकाच ठरवतात. माझ्या मुलाला चालेल, असं त्यांनी जूनमध्येच ठरवलं, कारण तो कधी कुरकुर करत नाही. कशाला करेल? पहिला तास गणिताचा असतो.

बेरीज केली. १९, १२, ४, १३. झाले ४८. अजून सहा राहिले. आणि हे सहा दिवस सलग, याच मार्चमधले, आजचा धरून.

“हे कसले?”

“मशीन मला ओळखत नाही,” चिरंजीव म्हणाले.

शाळेने दिवाळीनंतर फाटकाजवळ चेहरा ओळखणारं यंत्र बसवलंय. मुलाने समोर उभं राहायचं, यंत्राने टिंग वाजवायचं की हजेरी लागली. मार्चमध्ये ऊन तापायला लागलं आणि आईने नातवाला न्हाव्याकडे नेऊन त्याचं डोकं जवळजवळ मोसंब्यासारखं करून आणलं. यंत्राकडे जुना, झिपऱ्यांचा फोटो. हा समोर उभा राहिला की यंत्र म्हणायचं, ओळख पटली नाही. हाही म्हणायचा, बरं. आणि आत जायचा. पहिले पाच मेसेज मी वाचलेच नव्हते. शाळेकडून रोज सकाळी सुविचार, दुपारी फीची आठवण आणि संध्याकाळी पुन्हा सुविचार येतो. त्यात आपला पोरगा हरवल्याची बातमी कोण शोधत बसणार?

खरं तर हजेरी या गोष्टीने आपल्या राज्याला कायमच झपाटलेलं आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली होती. मतदानासारखी मुलांच्या बोटाला शाई लावून मोजणी केली, एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून. तेव्हा कळलं की सुमारे २० लाख मुलं पटावर आहेत पण वर्गात नाहीत, आणि १,४०४ शाळा अशा की तिथे निम्मीसुद्धा मुलं हजर नाहीत. मला त्या मुलांचा हेवा वाटतो. जन्मालाच न आल्याने त्यांना टायफॉईड झाला नाही, मामाचं लग्न आडवं आलं नाही, रिक्षा चुकली नाही. हजेरी कायम ठणठणीत. माझा मुलगा जन्माला आला, इथंच त्याचं चुकलं.

पुढे नोव्हेंबर २०१६ मध्ये आदेश निघाला की जानेवारीपासून दर सोमवारी शिक्षकांनी दहा-दहा मुलांबरोबर सेल्फी काढायचा आणि सरकारच्या ‘सरल’ प्रणालीवर चढवायचा, म्हणजे शाळा सोडणारी मुलं कळतील. सातपुड्याच्या पायथ्याला जिथे फोन लावायला टेकडीवर चढावं लागतं, तिथले गुरुजी सोमवारी मुलांना घेऊन टेकडीवर गेले असते तर त्या दिवशी शाळाच गैरहजर लागली असती. गुरुजींनी विरोध केला आणि तो सेल्फी बारगळला. मी तेव्हा ही बातमी आईला वाचून दाखवली होती. ती म्हणाली, “पोऱ्या शाळाम्हा शे का नही हाई पाहाले फोटू कसाले? डोया नहीत का त्यास्ले?” मग १ डिसेंबर २०२३ पासून अटेंडन्स बॉट आला. आता शिक्षक मोबाईलवर एका बॉटशी गप्पा मारून रोजची हजेरी कळवतात. साने गुरुजी १९२४ पासून सहा वर्षं आमच्या अमळनेरला शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणं स्वतः आवरायचे म्हणतात. आज असते तर अंथरुणं तशीच पडली असती. गुरुजी खिडकीत हात उंच करून रेंज शोधत उभे असते.

आईचा या सगळ्यावर विश्वास नाही. ती साक्री तालुक्यातली, चौथीपर्यंत शिकलेली. शाळा सुटली ती कपाशी वेचायला जावं लागलं म्हणून. तिच्या मते गैरहजर राहणं ही पण एक कला होती. “मास्तर दखा का आम्ही कपाशीम्हा दपी जाऊत.” आणि एवढं करून मास्तर घरी येऊन चहा पिऊन जायचे, अर्ज मागायचे नाहीत. शिवाय तिच्याकडे एक बिनतोड मुद्दा आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी एक दिवसही शाळेत गेल्या नाहीत. हजेरी शून्य टक्के. २०१८ पासून अख्ख्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. हा मुद्दा मी मॅडमसमोर मांडावा असा आईचा आग्रह होता. मी मांडला नाही. चिरंजीवांच्या कविता मी वाचलेल्या आहेत.

तर प्रश्न त्या सहा दिवसांचा होता. १३८ अधिक ६, झाले १४४. १९२ चे पाऊण १४४. म्हणजे नेमके ७५ टक्के, एक दिवस कमी नाही की जास्त नाही. देव आणि अंकगणित एकाच वेळी आपल्या बाजूने असण्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात थोडे. मी रात्री जागून अर्ज लिहिला. ‘प्रति, मा. मुख्याध्यापिका यांचे सेवेशी, सविनय सादर.’ विषय होता, संदर्भ होता, सोबत जोडपत्र ‘अ’ ते ‘ड’ होती. बायको म्हणाली, “मुलाची हजेरी मागताय का महागाई भत्त्याची थकबाकी?”

मॅडमनी अर्ज वाचला. चांगला आहे म्हणाल्या. “पण या सहा दिवशी तो वर्गात होता याचा पुरावा?”

“वर्गशिक्षिकेच्या कागदी हजेरीवर बघा.”

“कागदी हजेरी नोव्हेंबरपासून बंद केली. सगळं ऑनलाईन.”

“मुलांना विचारा.”

“मुलांची साक्ष आपण घेत नाही.”

“मी स्वतः खिडकीतून पाहिलं!”

“तुम्ही हितसंबंधी व्यक्ती आहात.”

हे वाक्य माझं आहे. मी ते दर आठवड्याला कुणाला तरी ऐकवतो. मी निमूट घरी आलो आणि दप्तराची झडती घेतली. वह्यांत तारखा नव्हत्या, काही वह्यांत तर अक्षरंही नव्हती. बाटलीच्या कप्प्यात एक कांदा सापडला. ऊन बाधू नये म्हणून आई रोज ठेवते. आमच्याकडे मार्चमध्येच कांद्याची गरज पडते. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा दरवर्षी आमच्यापेक्षा उशिरा उघडतात. २०२५ मध्ये आमची शाळा १६ जूनला आणि त्यांची २३ जूनला. मुक्ताईनगर ओलांडून मलकापूर आलं की विदर्भ लागतो, हे सरकारला माहीत आहे. भुसावळच्या सूर्याला कुणीतरी कळवायला हवं.

आणि मग दप्तराच्या तळाशी डायरी सापडली. ‘शिक्षक-पालक संवाद’ असं वर छापलेली. उघडली आणि माझे हात थरथरले. लाल शाईत, तारीख घालून, ओळीने सहा शेरे. ‘पाल्य वर्गात अखंड बडबड करतो.’ ‘पाल्याने शेजाऱ्याच्या डब्यातली शेव परस्पर खाल्ली.’ ‘पाल्याने खिशातून कांदा आणून बाकावर बुक्की मारून फोडला.’ ‘पाल्य स्वतः खिडकीबाहेर बघतो व इतरांना बघायला लावतो.’ ‘पाल्याने प्रार्थनेत शिट्टी वाजवली.’ ‘पाल्य आज विनाकारण हसत होता.’ नेमक्या त्याच सहा तारखा! बाईंची सही! वर्गात असल्याखेरीज कुणाला शेव चोरता येईल?

मी त्याला मिठीच मारली. तो मार खायच्या तयारीने डोळे मिटून उभा होता, त्याला काही कळेना. मग माझं लक्ष खाली गेलं. प्रत्येक शेऱ्याखाली ‘पालकाची सही’ या जागी माझी सही होती. मी केली नव्हती. पण सुरेख होती. माझ्या सहीचं शेपूट कधीच इतकं जमलेलं नाही.

बायकोने विचारलं, “ही तुमचीच ना?”

एका बाजूला पोटच्या पोराने केलेला बनाव आणि दुसऱ्या बाजूला ७५ टक्के. “माझीच,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी ते सहा गुन्हे सन्मानपत्रांसारखे मॅडमच्या टेबलावर मांडले. मॅडमनी एकेक शेरा वाचला. कांद्यापाशी त्या थोड्या थांबल्या. “मान्य,” त्या म्हणाल्या. “सहा दिवस हजर धरते. आणि या सहा तक्रारींबद्दल आपण आता बोलू या. बसा.”

मी पाऊण तास बसलो. संस्कार, मोबाईल, घरातलं वातावरण या विषयांवर माझ्या ज्ञानात भर पडली. तिकडे त्याच पाऊण तासात माझ्या कार्यालयात वरिष्ठांची अचानक तपासणी आली.

मी हालचाल नोंदवहीत नोंद न करता निघालो होतो. चष्मा टेबलावर उघडा ठेवून आलो होतो, साहेब इथेच कुठेतरी आहेत असं वाटावं म्हणून. हा जुना उपाय आहे. दुर्दैवाने तपासणीला आलेले साहेब कधीकाळी आस्थापना लिपिकच होते. हजेरीपटावर माझ्या नावापुढे लाल खूण झाली. कारणे दाखवा नोटीस काढायची ठरली, आणि नोटिसा काढणं हे माझंच काम असल्याने ती मीच टाईप केली, ‘समाधानकारक खुलासा न आल्यास’ हे वाक्य थोडं कडक केलं, जावक क्रमांक टाकला, मलाच बजावली आणि पोच म्हणून सही केली. घाईत शेपूट बिघडलं.

खुलाशासोबत पुरावा हवा. मी पुन्हा शाळेत. खिडकीमागे क्लार्कभाऊ.

“मी त्या दिवशी साडेदहा ते सव्वाअकरा इथे मॅडमकडे होतो, असं प्रमाणपत्र पाहिजे.”

“तुम्ही होतात?”

“तुम्हीच तर आत सोडलंत!”

“असेन. सिस्टीममध्ये नाही.” त्यांनी एक छापील नमुना सरकवला. “अर्ज करा.”

नमुन्यात अर्जदाराचं नाव, हजर असल्याची तारीख आणि सर्वात खाली ‘पालकाची सही’ असं होतं. मी नाव लिहिलं, तारीख लिहिली, खाली सही केली. त्यांनी कागद परत दिला.

“ही अर्जदाराची झाली. पालकाची राहिली.”

“अहो, मीच पालक आहे.”

“पाल्याचे. पण अर्ज तुमचा आहे ना? तुमच्या पालकांची लागेल. सही नसली तर पुढचं पान उघडत नाही.”

एकोणीस वर्षांत असा तोल मलाही कधी साधला नव्हता. मी कागदाची नीट घडी घातली.

घरी आल्यावर चिरंजीव जवळ आले, कागद पाहिला आणि हळूच म्हणाले, “पप्पा, मी करून देऊ का आजीची सही? ती डावीकडं कलते, मला येते.”

मी हो म्हणणार होतो, तेवढ्यात क्लार्कभाऊंचा फोन आला. सांगायचं राहिलं म्हणाले, सही शाळेत समक्ष करावी लागेल. पालकांना घेऊन उद्या सात वीसच्या आत या, नंतर फाटक बंद होतं.

आईला सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं, मग उठून ट्रंक उघडली आणि ठेवणीतलं पातळ काढून खाटेवर घडी करून ठेवलं. फणी-तेल शोधलं. पासष्ट वर्षांनी शाळेत जायचं म्हणून नातवाला दोनदा विचारून घेतलं की बाई कोणत्या बाजूला बसतात. मला मात्र एकाच गोष्टीची धास्ती वाटत होती. शाळेच्या दप्तरी ती गेल्या श्रावणातच वारलेली होती.

हे तिला कसं सांगावं याची मी जुळवाजुळव करत होतो. दिवा मालवायच्या आधी ती दारापर्यंत आली.

“काय रे भाऊ,” ती म्हणाली, “डबा लई जाना पडी का?”